बॉइंक पुन्हा पुन्हा अर्ध्याच कोअरवर का येतं?

बॉइंक म्हणजे आपल्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद वैज्ञानिक संशोधनाच्या प्रोजेक्टना देणारं सॉफ्टवेअर. प्रोजेक्ट कामाचे तुकडे, म्हणजे टास्क, पाठवतो, आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडवर (बॉइंकच्या लेखी एक थ्रेड म्हणजे एक सीपीयू) एकेक टास्क चालतं. मशीनमध्ये २४ थ्रेड आहेत आणि बॉइंकच्या यादीत 'रनिंग' मात्र १२ टास्कपुढेच दिसतंय. सेटिंग बदललं, दोन दिवस चोवीसच्या चोवीस चालले, तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर नऊ. हा त्रास मी परळच्या आमच्या घरातल्या मशीनवर पाच-सहा वेळा निस्तरलाय, आणि कांजूरमार्गला राहणाऱ्या मावसभावाच्या मशीनवर आणखी दोन-तीनदा. दर वेळी वाटायचं, तोच जुना बिघाड परत आला. पण कारण दर वेळी वेगळं निघालं, वरून दिसायचं तेवढं सारखं.

एका वेळी किती टास्क चालणार हे एकाच आकड्यावर ठरत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला किती प्रोसेसर दिसतात, तुम्ही किती टक्के वापरायची परवानगी दिली आहे, मेमरी किती मोकळी आहे, प्रोजेक्टकडे द्यायला काम आहे का, यातली जी मर्यादा सगळ्यांत लहान असेल ती लागू होते. ईस्टर्न फ्रीवेवरून गाडी सुसाट येते आणि ऑरेंज गेटला उतरून पी. डिमेलो रोडवर अडकते, तसंच हे आहे. एक ठिकाण मोकळं केलं की तुंबणं पुढच्या ठिकाणी सरकतं, आणि आपल्याला वाटतं की पहिलीच दुरुस्ती फसली. म्हणून सेटिंग बदलण्याआधी आत्ताची मर्यादा कोणती आहे, एवढंच शोधायचं.

ते कळतं इव्हेंट लॉगमध्ये. टूल्स मेनूत तो आहे, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि ई ही बटणं एकत्र दाबा. बॉइंक सुरू होताना लॉगच्या पहिल्या तीस-चाळीस ओळींत जवळजवळ सगळं लिहून देतं: प्रोसेसरची संख्या आणि नाव, एकूण मेमरी, सेटिंग कुठून वाचल्या, आणि त्यानुसार जास्तीत जास्त किती सीपीयू वापरणार. बहुतेक जण लॉग उघडतात आणि शेवटच्या ओळी वाचतात. वर जा, अगदी पहिल्या ओळीपासून वाचा. लॉग फार लांबला असेल तर बॉइंक पूर्ण बंद करून परत सुरू करा, म्हणजे या ओळी ताज्या मिळतील.

पहिला आकडाच चुकीचा असेल तर

लॉगमधली प्रोसेसरची संख्या मशीनच्या खऱ्या संख्येपेक्षा कमी असेल, तर बॉइंकच्या सेटिंगला हात लावून काही होणार नाही. अडचण खाली, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे.

आमचं मशीन २०१९ च्या दिवाळीनंतर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून घेतलेलं जुनं वर्कस्टेशन आहे. त्यात इंटेल झिऑन ई५-२६२० जातीचे दोन प्रोसेसर आहेत. प्रत्येकात सहा कोअर आणि प्रत्येक कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे एकूण २४. दुकानात विंडोज १० होम टाकून दिलं होतं. घरी आणून बॉइंक चढवलं तर लॉगमध्ये १२. दोन दिवस मी बायॉस (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग) धुंडाळत होतो, एकदा दुसरा प्रोसेसर काढून परत बसवला, त्याच्या वीजपुरवठ्याची वायर घट्ट आहे का तेही पाहिलं. सगळं ठीक होतं. विंडोजची होम आवृत्ती एकच सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) वापरते, कोअर कितीही असोत. बोर्डावरचा दुसरा प्रोसेसर तिच्यासाठी नसल्यातच जमा. प्रो आवृत्ती दोन सॉकेट चालवते, वर्कस्टेशनसाठीची प्रो चार. मी लिनक्स टाकलं आणि चोवीस दिसले. लॅमिंग्टन रोडवर दोन प्रोसेसरवाली जुनी मशीन बऱ्या किमतीत मिळतात, पण घेताना आत कोणतं विंडोज आहे हे नक्की विचारा.

लिनक्समध्ये खात्री करायची तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा द्या. सॉकेट किती, सॉकेटमागे कोअर किती, कोअरमागे थ्रेड किती हे वेगवेगळं दिसतं. तिन्हींचा गुणाकार एकूण संख्येशी जुळला पाहिजे.

मावसभावाचं कारण निराळं होतं. त्याचा प्रोसेसर एकच, आठ थ्रेडचा, पण विंडोजला चारच दिसत. "दादा, अर्धा प्रोसेसर जळला वाटतं," असं म्हणत होता. कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्याने विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या साधनात बूटच्या टॅबखाली ॲडव्हान्स्ड पर्यायांत प्रोसेसरच्या संख्येवर टिक करून ४ निवडलं होतं. तिथे टिक केल्याने मशीन जलद सुरू होतं असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात ती टिक म्हणजे एक कमाल मर्यादा आहे. टिक नसेल तेव्हाच विंडोज सगळे प्रोसेसर घेतं. ती काढली, मशीन परत सुरू केलं, आठ दिसू लागले.

सेटिंग बदललेली असते, पण वेगळ्याच ठिकाणी

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो आणि 'परत परत' होणारा प्रकारही बहुतेक इथलाच असतो.

सेटिंग दोन जागी राहतात. एक तुमच्या कॉम्प्युटरवर, बॉइंकच्या खिडकीतून बदललेली. दुसरी प्रोजेक्टच्या साइटवर, तुमच्या खात्यात. कॉम्प्युटरवर एकदा सेटिंग जतन केली की त्या मशीनपुरती तीच चालते. मग साइटवर तुम्ही कितीही वेळा १०० टक्के लिहा, मशीन ऐकणार नाही. लॉगमध्ये ओव्हरराइड फाइल (कॉम्प्युटरवर जतन केलेली ही सेटिंग) वाचल्याची ओळ दिसली की समजायचं, साइटवरचं इथे लागू नाही. साइटवरचीच सेटिंग हवी असेल तर प्रेफरन्सेसच्या खिडकीत वेबवरची सेटिंग वापरण्याचं बटण आहे, ते दाबायचं.

उलट बाजूही आहे. कॉम्प्युटरवर काहीच जतन केलेलं नसेल, तर साइटवरची सेटिंग सगळ्या प्रोजेक्टना मिळून एकच असते आणि जिथे सर्वांत शेवटी बदल केला तिथली प्रत सगळीकडे पसरते. मावसभावाने एका प्रोजेक्टवर सगळं नीट लावलं होतं. महिन्याभराने नवा प्रोजेक्ट जोडला आणि त्या नव्या खात्याच्या पानावर फक्त डिस्कची मर्यादा बदलून सेव्ह केलं. तिथले बाकीचे आकडे अजून मूळचेच होते. ती प्रत सर्वांत ताजी ठरली आणि त्याची जुनी मांडणी पुसली गेली. सीपीयूला त्याने बोटही लावलं नव्हतं.

आणखी एक जागा नजरेतून सुटते. साइटवर कॉम्प्युटरसाठी होम, वर्क, स्कूल असं ठिकाण ठरवता येतं आणि प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र सेटिंग देता येते. मशीन होममध्ये आणि तुम्ही बदलताय मुख्य सेटिंग, असं झालं तर परिणाम शून्य. अकाउंट मॅनेजर (अनेक प्रोजेक्ट एकाच जागेवरून सांभाळणारी साइट) वापरत असाल तर तोही आपली सेटिंग पाठवतो, हे विसरू नका.

माझा सल्ला साधा आहे. घरात एक-दोनच मशीन असतील तर सगळं कॉम्प्युटरवरच लावा आणि साइटला हात लावू नका. पाच-सात मशीन असतील तर उलट करा. दोन्हीकडे थोडं थोडं कधीच नको.

आता टक्क्यांबद्दल. प्रेफरन्सेसमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी असतात आणि दोघांत गल्लत होते. पहिला सांगतो, एकूण सीपीयूंपैकी किती टक्के वापरायचे. दुसरा सांगतो, सीपीयूचा किती टक्के वेळ वापरायचा. टास्कची संख्या पहिल्यावर ठरते. हिशोब खालच्या पूर्णांकाला जातो: ६ थ्रेडचे ७५ टक्के म्हणजे साडेचार, तर चारच टास्क चालणार. दुसरा आकडा शंभरच ठेवा, कारण तो कमी केला की बॉइंक टास्क क्षणभर चालवतं, क्षणभर थांबवतं, आणि तेच दिवसभर. तापमान वरखाली होत राहतं, पंख्याचा आवाज चढउतार करतो, आणि काही प्रकारची टास्क यात नीट चालतही नाहीत. भार कमी करायचा तर सीपीयूंची संख्या कमी करा.

सकाळी नऊ वाजता सगळं थांबतं आणि रात्री आपोआप सुरू होतं, असं असेल तर 'कॉम्प्युटर वापरात असताना' या गटातल्या सेटिंग बघा. गेल्या ३ मिनिटांत कीबोर्ड किंवा माऊस हलला असेल तर मशीन वापरात आहे असं बॉइंक मूळ सेटिंगप्रमाणे धरतं. नव्या आवृत्त्यांत वापरात असताना आणि नसताना किती सीपीयू घ्यायचे हे वेगळं ठरवता येतं. त्यामुळे तुम्ही तपासायला माऊस हलवता आणि त्याच क्षणी संख्या उतरते. खरं काय चाललंय ते पाहायचं तर मशीन तासभर तसंच सोडा आणि मग लॉगमधल्या वेळा वाचा. तिथेच आणखी एक मूळ सेटिंग असते: बॉइंकशिवाय बाकीच्यांचा सीपीयू वापर २५ टक्क्यांच्या वर गेला की काम थांबवणं. अँटीव्हायरसचं स्कॅनिंग सुरू झालं किंवा घरातल्या कुणी मोठ्या व्हिडिओचं एडिटिंग काढलं की सगळी टास्क एकदम थांबतात. लॉगमध्ये सीपीयू बिझी असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मोठ्या मशीनवर मी ही मर्यादा शून्य ठेवतो, म्हणजे ती बंद होते.

प्रेफरन्सेसमधलं रोजचं वेळापत्रकही एकदा बघून घ्या. विजेसाठी ते लावलेलं असतं आणि वर्षभराने लक्षात राहत नाही.

मेमरी

टास्कपुढे 'वेटिंग फॉर मेमरी' दिसलं तर उत्तर मिळालंच. मूळ सेटिंगमध्ये मशीन वापरात असताना ५० टक्के आणि नसताना ९० टक्के मेमरी बॉइंकला मिळते. आमच्या मशीनमध्ये सुरुवातीला १६ जीबी होती, म्हणजे दिवसा आठ. प्रथिनांची रचना शोधणाऱ्या रोझेटा प्रोजेक्टचं एकेक टास्क कधी कधी १ जीबीच्या वर जातं. आठ जीबीत चोवीस टास्क बसणार कशी? मी दिवसाची मर्यादा ७५ केली, मेमरी ३२ जीबी केली, तेव्हा हे संपलं. हवामानाच्या मॉडेलांची टास्क आणि सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या एलएचसी ॲट होमची व्हर्च्युअल बॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालणारी टास्क याहूनही भुकेली असतात.

दोन सॉकेटच्या बोर्डावर एक जास्तीची काळजी घ्यायची. प्रत्येक प्रोसेसरच्या मेमरीच्या खोबणी त्याच्या त्याच्या असतात. आमच्या मशीनमध्ये दुकानाने सगळ्या स्टिक पहिल्या प्रोसेसरच्या बाजूलाच लावल्या होत्या. दुसरा प्रोसेसर प्रत्येक गोष्ट पहिल्याकडून मागवून घेत होता. टास्क चोवीस चालायची, पण अर्धी रेंगाळायची. स्टिक दोन्हीकडे सारख्या वाटून लावल्यावर फरक पहिल्याच दिवशी दिसला.

काम नसणं

सीपीयू मोकळे, मेमरी मोकळी, तरी टास्क नाहीत, तेव्हा प्रोजेक्टकडेच काम नसतं. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० पासून नवं काम वाटणं थांबवलं. १९९९ पासून चाललेला तो प्रोजेक्ट अनेकांचा पहिला होता, माझाही, आणि अजून तोच एकटा जोडून बसलेली मशीन मी पाहिली आहेत. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड २०२१ मध्ये आयबीएमकडून टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेली, त्यानंतर तिथे कामाचा पुरवठा मध्ये मध्ये तुटत आला आहे. एका प्रोजेक्टवर विसंबलं की असं होणारच.

यावर चांगला उपाय रिसोर्स शेअर (मशीनच्या वेळातला एका प्रोजेक्टचा वाटा) शून्य ठेवण्याचा आहे. दुसरा प्रोजेक्ट जोडा आणि त्याच्या साइटवर त्याचा रिसोर्स शेअर ० करा. मुख्य प्रोजेक्टचं काम संपलं तरच बॉइंक त्याच्याकडून काम मागतं. मी शून्यावर आइनस्टाइन ॲट होम ठेवतो. २००५ पासून चालू असलेला हा प्रोजेक्ट लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या माहितीत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधतो, आणि रेडिओ दुर्बिणींच्या माहितीतून त्याने नवे पल्सार (ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणारे तारे) शोधून काढले आहेत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतातली वेधशाळा उभी राहतेय. आपल्या मशीनने चाळलेल्या कामाचा पुढचा दुवा कधीतरी मराठवाड्यातल्या त्या माळावरून येईल, या विचाराने मला फार बरं वाटतं.

ग्राफिक्स कार्ड असेल तर हेही बघा: कार्डावरचं टास्क बहुधा एक सीपीयू स्वतःसाठी राखून ठेवतं. यादीत त्याच्या पुढे किती सीपीयू आणि किती जीपीयू हे लिहिलेलं असतं. आठपैकी सात टास्क चालू आणि एक जीपीयूचं, तर सगळं ठीक आहे. दुरुस्ती करायला जाऊ नका.

टास्क सगळी चालू, पण पुढे सरकत नाहीत

मुंबईत हा प्रकार मार्चपासून सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात परत येतो. संख्या पूर्ण चोवीस, पण तीन तासांचं टास्क सहा तास घेतं. टास्क निवडून प्रॉपर्टीज उघडा. तिथे सीपीयूचा वेळ आणि घड्याळाचा वेळ असे दोन आकडे असतात. सीपीयूचा वेळ घड्याळापेक्षा खूप मागे असेल तर दुसरं काहीतरी प्रोसेसर खातंय, किंवा तो वेळेच्या टक्क्यांचा आकडा कमी आहे. दोन्ही जवळपास सारखे आणि दोन्ही फुगलेले असतील तर प्रोसेसर स्वतःच हळू झाला आहे. बहुतेक वेळा उष्णतेमुळे, नाहीतर मेमरीमुळे.

आपल्याकडची दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा थर जमवतात. कोरड्या गावात ब्रशने झटकून निघणारी धूळ इथे चिकटून बसते. मी वर्षातून दोनदा, होळीच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, मशीन उघडतो. पंखा हाताने धरून ठेवायचा, फिरू द्यायचा नाही, आणि ब्लोअरने आतून बाहेर हवा मारायची. जुन्या मशीनची थर्मल पेस्ट सुकून भुकटी झालेली असते. विकत आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ती बदलावी असं माझं ठाम मत आहे. आमच्या मशीनचं तापमान तेवढ्यानेच १५ अंशांनी उतरलं.

हे सगळं करूनही मे महिन्यात चोवीस टास्क चालवणं आमच्या घरी शहाणपणाचं नाही. पूर्ण भाराला मशीन सुमारे २५० वॅट घेतं. चोवीस तासांचे ६ युनिट, महिन्याचे १८०. बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, त्यामुळे ही भर वरच्या दराने पडते. आणि ते २५० वॅट शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतात. आई म्हणाली, "पंख्याखाली बसूनही घाम थांबत नाही रे, तुझं ते बंद कर." तिचं बरोबर होतं. एप्रिल ते जूनमध्ये मी फक्त रात्री दहा ते सकाळी सात चालवतो, तेही अर्ध्या सीपीयूंवर. पावसाळा स्थिरावला की वाढवतो.

वीज गेल्यावर टास्क शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जिथवरचं काम जतन झालं तिथपासून, सुरू होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा चेकपॉइंट क्वचितच घेणाऱ्या एका टास्कचे माझे कित्येक तास गेले. लहानसा यूपीएस असावा. आणि काम थांबवलेलं असताना टास्क मेमरीत ठेवण्याच्या पर्यायावर टिक करा, म्हणजे प्रत्येक छोट्या थांब्याला मागे जावं लागणार नाही.

सगळे थ्रेड भरायचेच का?

इथे माझं मत बदललं आहे. पूर्वी चोवीसच्या खाली काही दिसलं की मी अस्वस्थ व्हायचो. पण थ्रेड चोवीस असले तरी खरे कोअर बाराच. एकाच कोअरवरचे दोन थ्रेड गणिताचे तेच भाग आणि तीच कॅशे (प्रोसेसरमधली छोटी, जलद मेमरी) वाटून घेतात. प्राइमग्रिडसारखी मोठ्या मूळ संख्यांची टास्क कॅशेत मावली नाहीत की मेमरीकडे धावतात आणि चोवीस जणांची तिथे रांग लागते. अशा ठिकाणी एकेक टास्क चार किंवा सहा थ्रेडवर चालवणं जास्त फायद्याचं ठरतं, आणि प्राइमग्रिडच्या साइटवर ती सोय आहे. आमच्या मशीनवर अशा कामासाठी ५० टक्के सीपीयू आणि १०० टक्के सीपीयू यांत दिवसाला पूर्ण होणाऱ्या टास्कची संख्या जवळपास सारखीच निघाली. विजेचा आणि उष्णतेचा फरक मात्र मोठा. रोझेटावर तसं झालं नाही, तिथे सगळे थ्रेड भरल्याने नक्कीच जास्त काम झालं. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टसाठी एकेक आठवडा मोजून पाहा आणि मोजताना चालू टास्क धरू नका, प्रोजेक्टने तपासून वैध ठरवलेली धरा. सरासरी क्रेडिटचा (कामाबद्दल मिळणाऱ्या गुणांचा) आकडा फार सावकाश हलतो, आठवड्यात त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

फोल्डिंग ॲट होम वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा तो प्रोजेक्ट बॉइंकवर चालत नाही आणि तिथे एकच टास्क सगळे थ्रेड मिळून सोडवतात. थ्रेडची संख्या ११, १३ अशी मोठी मूळ संख्या असली की कामाचे सारखे तुकडे पडत नाहीत. ८, १२, १६, २४ असे आकडे द्या.

गेल्या रविवारी मावसभावाचा फोन आला. "दादा, परत आठाचे चारच चालतायत." मी विचारलं, लॉगच्या सुरुवातीला काय आहे? प्रोसेसर आठ, जास्तीत जास्त वापर आठ. "आणि टास्कपुढे?" चौघांपुढे मेमरीची वाट पाहत असल्याचं लिहिलं होतं. त्या आठवड्यात त्याने रोझेटा जोडलं होतं आणि मशीनमध्ये मेमरी आठच जीबी. त्याने आणखी एक आठ जीबीची स्टिक टाकली, दिवसाची मर्यादा ७० टक्के केली. काल रात्री त्याने फोटो पाठवला, आठही ओळींवर 'रनिंग'.